आमची वाटचाल: वीस बाजूंचा फासा

वीस बाजूंचा फासा कोल्हापुरात कुठं मिळेना, म्हणून आम्ही तो शिवाजी उद्यमनगरात ओतून घेतला. मामाचं तिथं वर्कशॉप आहे. अ‍ॅल्युमिनियमचा फासा, दिसायला देखणा. पण दोनशे वेळा टाकून वहीत रेघा मारल्या, तर सतरा सारखा वर! मामानं तो कापून दाखवला. सतराच्या बाजूला आत ब्लो होल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी; ती बाजू हलकी, म्हणून वर. दुसरा फासा धातूच्या भरीव दांड्यातून मिलिंग मशिनवर कापून काढला. आमच्या गेम बनवायच्या धंद्याची सुरुवात ती.

आधी आम्ही टेबलावरच खेळत होतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत गोष्ट पुढं नेण्याचा खेळ १९७४ मध्ये आला, त्याच्या धर्तीवर आम्ही आपला एक रचला: भर पावसात पन्हाळ्याहून विशाळगडाला खलिता पोचवायचा. खेळ चालवणाऱ्याला आम्ही ‘कारभारी’ म्हणायचो. पुढं राजारामपुरीत एक खोली घेतली आणि तिघांनी मिळून त्याचा कॉम्प्युटर गेम केला. चौसष्ट पानी वहीतला एकही नियम सोडला नाही. पाठीवरचं ओझं, भिजलेले कपडे, भूक, सगळं.

तो गेम चालला नाही. विक्रीतून खोलीचं भाडंही निघालं नाही.

कारण कळायला वर्ष गेलं. टेबलावर कारभारी रोज निम्मे नियम सोडून देत होता. रात्रीचे अकरा वाजलेत, पोरं रंगात आलीत, आता ओझं कुठं मोजत बसायचं? कॉम्प्युटर असं काही सोडत नाही. नियम जसेच्या तसे उतरवले की खेळ टेबलावरच्यापेक्षा जाचक होतो.

मग टेबलावरच्या खेळांवरून केलेले जुने कॉम्प्युटर गेम आम्ही पुन्हा खेळून पाहिले. १९९८ च्या बाल्डर्स गेटनं आकडेमोड टेबलावरचीच ठेवली, पण पाळीपाळीनं चालणारी लढाई सलग धावती केली, हवं तिथं थांबवता येणारी. २००३ चा टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिल तर नियमांशी कमालीचा प्रामाणिक. त्यातली लढाई मला आजही फार आवडते. पण तो बग, म्हणजे कोडमधल्या चुका, घेऊनच बाजारात आला आणि त्याची कंपनी ट्रॉइका २००५ मध्ये बंद पडली. सायबरपंक २०७७ नं टेबलावरचं जग घेतलं, नियम बहुतेक सोडले, आणि कोट्यवधी प्रती खपल्या.

आम्हाला सगळ्यांत जास्त शिकवलं ते २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ नं. पाळीपाळीची लढाई परत आणली, पण मूळ नियम जिथं अडतो तिथं बेधडक बदलला. शत्रूला धक्का देणं स्वस्त केलं, त्यासाठी आपला वार सोडावा लागत नाही. वीस पडला की कसलीही कसोटी पार, एक पडला की नापास. मूळ नियमात ते फक्त हल्ल्यापुरतं आहे. आणि संवादात फासा पडद्यावर समोर फिरतो.

ते पाहून मला आमची चाचणी आठवली. पंचाहत्तर टक्के शक्यता दाखवलेला वार दोनदा हुकला आणि एक पोरगा उसळला, “दादा, ह्यो गेम खोटा हाय!” तोच पोरगा टेबलावर दोन पडला तर कपाळाला हात लावून हसायचा. फासा त्यानं स्वतः टाकलेला असायचा, डोळ्यांदेखत.

दुसऱ्या गेममध्ये ओझं आणि कपडे काढून टाकले. फासा समोर आणला, त्यात काय मिळवलं आणि काय वजा केलं तेही दाखवलं. फासा हरला तरी गोष्ट पुढं जाते हा नियम मात्र जिवापाड जपला. नदी पार करताना खलिता भिजतो, अर्धी अक्षरं पुसतात, आणि विशाळगडावर ती अर्धीच वाचावी लागतात. खेळणाऱ्यांची सर्वाधिक पत्रं याच प्रसंगावर आली. त्या गेमनं कर्ज फिटलं. आता तिघांचे पगार वेळेवर होतात.

तिसऱ्याचं काम चालू आहे. दर रविवारी तो आधी कागदावर खेळतो. कारभारी कुठला नियम सोडून देतो, हे एकजण शेजारी बसून लिहून घेतो. सोडलेला नियम कोडमध्ये जात नाही.

आणि गेममध्ये फासा पडल्याचा जो आवाज येतो, तो मिलिंगवर काढलेल्या त्याच फाशाचा. मामाच्या वर्कशॉपमध्ये, रात्री मशिनी बंद झाल्यावर, लाकडी टेबलावर टाकून रेकॉर्ड केलेला.