पंधरा मीटर वेग सोडला तेव्हा

स्वतः काडतुसं भरायला लागलं की पहिलं वेड लागतं ते वेगाचं. मलाही लागलं. रायफल .३०८ विंचेस्टरची, निशाण हजार यार्डांवर. गोळी जितकी वेगात, तितकी हवेत कमी वेळ आणि वाऱ्याच्या तावडीत कमी, हा हिशेब बरोबरच आहे. शिवाय ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरवर उतरली की गोळी डगमगू शकते. १६८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जुनी मॅच, म्हणजे स्पर्धेची, गोळी त्यासाठी बदनाम, म्हणून मी १७५ ग्रेनची घेतली.

लोडिंगच्या पुस्तकातल्या सर्वांत कमी भारापासून, म्हणजे पावडरच्या सर्वांत कमी मापापासून, सुरुवात केली. पावडर थोडी थोडी वाढवायची, प्रत्येक भाराची काडतुसं वेगळ्या डबीत ठेवायची, डबीवर चिठ्ठी लावायची. गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचे, क्रोनोग्राफचे, आकडे वहीत. वर सरकत गेलो तसा वेग सेकंदाला ८०५ मीटरपर्यंत चढला, पण त्याच्या पुढच्या डबीला रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत बंद करणारी खिट्टी, उचलताना हाताला जड लागला. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, उजेडात धरली, तर बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा आणि प्रायमरच्या (पावडर पेटवणाऱ्या टोपीच्या) कडा चपट्या झालेल्या. दाब फार वाढल्याच्या या खुणा. पुस्तकातली कमाल मर्यादा अजून लांब होती! पण तो आकडा त्यांच्या नळीचा, त्यांच्या पुंगळ्यांचा. माझ्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, तो ठाऊक नाही. उरलेल्या डब्या झाडल्या नाहीत. पुलरने गोळ्या उपसून काडतुसं मोकळी केली. कंटाळवाणं काम आहे, पण करावं.

मग खरा पेच आला. शंभर मीटरवर सगळेच भार देखणे दिसत होते. तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे निशाणावरच्या छिद्रांचा पुंजका, तर कोणालाही खूश करतो. त्याचे फोटो मिरवणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. दहा-दहा गोळ्या झाडल्यावर चित्र पालटलं. ८०५ च्या भारात सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीत १८ मीटरचा फरक, ७९० च्या भारात निम्म्याहून कमी. वेगात दहा मीटरचा फरक पडला तर शंभर मीटरवर गोळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वरखाली होते. हजार यार्डांवर तोच फरक जवळजवळ फूटभर होतो. उलट पंधरा मीटर जास्त वेगाने वाऱ्यातला फायदा किती, तर अगदी थोडा. शिवाय वारा वाचायला मी आहे. प्रत्येक गोळीचा बदलता वेग मला कसा वाचता येणार?

७९० वर गोळी हजार यार्डांपर्यंत ध्वनीच्या वर जेमतेम टिकते, म्हणून आणखी खाली गेलो नाही. पुढचं काम पुंगळ्यांच्या मानेवर, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या तोंडावर, केलं. काही पुंगळ्यांत गोळी दाबताना प्रेसचा दांडा सहज जायचा, काहींत अडायचा. सगळ्या ॲनील करून, म्हणजे तापवून मऊ करून, घेतल्या, माना एका मापाच्या केल्या, आणि दांड्याची ओढ एकसारखी लागायला लागली. वेगातला फरक आणखी उतरला. गोळी किती आत बसवायची ते शेवटी पाहिलं. त्याने ग्रुप आवळला, वेग जवळपास तोच राहिला.

उन्हात पावडर तापली की दाब वाढतो, तेव्हा हा भार भर उन्हाळ्यातही तपासला. वेग थोडा चढला, पण बोल्ट हलका उचलला गेला आणि बुडावर ठसा नाही. आता हेच भरतो. पुंगळ्याही जास्त वेळा भरून निघतात, प्रायमरची खोबण लवकर सैल होत नाही.