मालधक्क्यावरचं संग्रहालय

‘मेम्फिसला आलोय, एक दिवस मोकळा आहे. क्लार्क्सडेलचं ते ब्लूजचं संग्रहालय बघण्याजोगं आहे का? आणि ब्लूज फारसं ऐकलेलंच नसेल, तर तिथे जाऊन काय कळणार?’ अमेरिकेत फिरायला आलेली मराठी माणसं हे वरचेवर विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून हे जरा सविस्तर. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांमधून आलेलं गाणं आणि क्लार्क्सडेल हे मेम्फिसच्या दक्षिणेला, मिसिसिपी राज्यातलं गाव.

जरूर जा. फक्त रविवारी जाऊ नका, कारण त्या दिवशी ते बंद असतं. आणि जाण्याआधी दोन तास ऐकायला द्या. काचेमागची गिटार स्वतःहून काही सांगत नाही. तिचा आवाज तुमच्या कानात आधीच असेल, तरच ती बोलते.

डेल्टा ब्लूज म्युझियम १९७९ साली गावच्या कार्नेगी सार्वजनिक ग्रंथालयानं सुरू केलं. सुरुवात एका प्राथमिक शाळेतल्या खोलीत झाली, पुढे ते ग्रंथालयात आलं आणि १९९९ पासून रेल्वेच्या जुन्या, विटांच्या मालधक्क्यात आहे. हा मालधक्का १९१८ सालचा. इमारत नुसती सोयीची म्हणून घेतलेली नाही असंच वाटतं, इतकी ती या विषयाला शोभते. याच रुळांवरून डेल्टाचा कापूस बाहेर गेला आणि पुढे कापूस वेचणारी माणसंही गेली.

इथे डेल्टा म्हणजे नदीचं मुख नव्हे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधली, मेम्फिसपासून विक्सबर्गपर्यंत पसरलेली गाळाची सपाट जमीन म्हणजे डेल्टा. विदर्भातल्या माणसाला इथली शेती लगेच समजेल. मुंबईशीही या कापसाचं जुनं नातं आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेतला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या, मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच सगळं कोसळलं. युद्धानंतर गुलामगिरी कायद्यानं गेली आणि तिच्या जागी बटाई आली. जमीन, बियाणं, खेचर, राहायला खोपटं मालकाचं, राबणं कुळाचं. पीक निघालं की मळ्याच्या दुकानातली उधारी वजा करून हिशेब व्हायचा आणि पुष्कळदा हाती काहीच उरायचं नाही. ब्लूज याच माणसांचं गाणं आहे. ते दुःखाचं गाणं आहे असं सरसकट सांगितलं जातं, ते मला अपुरं वाटतं. शनिवारी रात्री नाचायलाही हेच गाणं होतं.

संग्रहालयात सगळ्यात जास्त वेळ ब्लूजगायक मडी वॉटर्सच्या खोपटापाशी काढा. सायप्रसच्या ओंडक्यांचं हे घर गावाबाहेरच्या स्टोव्हॉल मळ्यावर होतं. मूळ लाकूड इथे आणून उभं केलं आहे. मडी वॉटर्स, खरं नाव मॅककिन्ली मॉर्गनफील्ड, या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. ऑगस्ट १९४१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स आणि नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातले संगीतज्ञ जॉन वर्क तिथे पोचले. वर्क कृष्णवर्णीय होते आणि त्या कामात त्यांचा मोठा वाटा होता, पण श्रेय बराच काळ एकट्या लोमॅक्सना मिळालं. म्हणून हे नाव लक्षात ठेवून आत जा. गाणं थेट तबकडीवर कोरणारं यंत्र त्यांनी सोबत आणलं होतं. मडीनं आपला आवाज बाहेरून ऐकला तो तेव्हा. दोन वर्षांनी, १९४३ मध्ये, ताशी साडेबावीस सेंटांची मजुरी पंचवीस करून मागितली, ती मिळाली नाही आणि त्यानं शिकागोची गाडी धरली.

ही ध्वनिमुद्रणं आज सहज मिळतात. आदल्या दिवशी ती ऐका आणि लगेच त्याच माणसाची १९५० नंतरची शिकागोतली गाणी ऐका. पहिल्यात एक गिटार आणि एक गळा आहे. दुसऱ्यात विजेवरची गिटार, हार्मोनिका, पियानो, ढोल असा सगळा ताफा आहे. शहरातल्या गोंगाटी बारमध्ये साधी गिटार ऐकूच येत नव्हती, म्हणून वीज आली. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून झालेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात तुम्ही जे ऐकलं असेल, ते बहुतेक या दुसऱ्या टोकाचं. खोपटं पहिल्या टोकाचं आहे.

कान कसा लावायचा, तेही सांगून ठेवणं बरं. ब्लूजचा रूढ साचा बारा खंडांचा असतो. प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. त्यात तीन ओळी बसतात: पहिली, तीच पुन्हा, आणि तिसरी उत्तराची. प्रत्येक ओळीला चार खंड. त्यातल्या साधारण दोन खंडांत गळा गातो, उरलेल्या दोनांत गिटार जबाब देते. तळाशी तीनच स्वरमेळ (कॉर्ड) असतात, षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभे राहिलेले. पहिले चार खंड षड्जावर, मग दोन मध्यमावर, दोन षड्जावर, एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन पुन्हा षड्जावर. हाताच्या बोटांवर मोजत एक गाणं ऐकलंत की पुरे. मात्र जॉन ली हूकर हा ब्लूजगायक ऐकताना मोजणी हमखास चुकते. एकटा वाजवणारा गायक ओळीला हवा तितका वेळ घेतो, खंड लांबवतो, मध्येच तोडतो. मोजणी पक्की झाली ती ताफा जमल्यावर, कारण चार जणांना एकाच वेळी वळायचं असतं.

सूर ओळखायला आपल्या कानाला तर फायदाच आहे. ज्याला ते लोक ब्लू नोट म्हणतात, त्यातला मुख्य सूर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी लागतो. पियानोवर ती जागा नाही, गळ्यात आणि तारेवर आहे. सोबत कोमल निषाद असतो.

आता काचेमागच्या वस्तू. बाटलीच्या गळ्याचा तुकडा किंवा धातूची नळी दिसेल. ती बोटात घालून तारेवरून सरकवतात. तार दाबून पडद्याला टेकवायची नसते, नुसता स्पर्श असतो आणि नळी बरोबर पडद्याच्या पट्टीच्या माथ्यावर हवी. दोन पट्ट्यांच्या मधे राहिली तर सूर उतरतो. नवशिक्याचं बेसूर वाजणं बहुधा यातूनच येतं. नळी पट्ट्यांवर खडखडू नये म्हणून तारा थोड्या उंच ठेवतात. तारा मोकळ्या छेडल्या तरी स्वरमेळ वाजेल अशा लावतात, उदाहरणार्थ जाड तारेपासून डी, जी, डी, जी, बी, डी. मींड ऐकायची सवय असलेल्या माणसाला ही नळी काय करते, ते समजावून सांगावं लागत नाही.

धातूच्या अंगाची गिटार दिसली तर तिच्या पोटातली ॲल्युमिनियमची शंकूसारखी पातळ वाटी आठवा. घोडीचा कंप त्या वाटीत जातो आणि आवाज वाढतो. १९२७ च्या सुमारास ही गिटार आली, ती नाचाच्या गलक्यात विजेशिवाय ऐकू जावी म्हणून. हार्मोनिका, म्हणजे तोंडानं वाजवायचा दहा भोकांचा बाजा, नीट निरखा. त्यावर कोरलेलं अक्षर त्याची पट्टी, म्हणजे षड्ज कुठला, ते सांगतं. पण ब्लूजवाले त्या पट्टीत क्वचितच वाजवतात. सी पट्टीचा बाजा ते जी पट्टीच्या गाण्याला घेतात. कारण श्वास आत ओढून येणारे सूर तोंडाच्या आकारानं खाली वाकवता येतात आणि जी धरली की तिसऱ्या भोकाचा ओढीचा शुद्ध गंधार वाकून कोमल होतो, तर पाचव्यावर कोमल निषाद आयताच मिळतो.

एकतारीच्या नातलगाचीही चौकशी करा. केरसुणीची तार सोडवून ती घराच्या भिंतीला दोन खिळ्यांत ताणायची, खाली बाटली सारून घोडी करायची आणि दुसऱ्या बाटलीनं सूर सरकवायचे. याला डिडली बो म्हणतात. कित्येक डेल्टा वादकांचं पहिलं वाद्य हेच. संग्रहालय गावातल्या मुलांना वाद्य शिकवण्याचे वर्गही चालवतं आणि माझ्या मते हे काम काचेमागच्या कुठल्याही वस्तूइतकंच मोलाचं आहे.

दोन तास पुरतात, अडीच ठेवा. आत फोटो काढू देतात का, ते आधी विचारा आणि वही जवळ असू द्या.

बाहेर पडल्यावर बहुतेक जण ६१ आणि ४९ या महामार्गांच्या चौकात निळ्या गिटारींच्या खुणेखाली फोटो काढतात. डेल्टातला गायक आणि गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन यानं चौकात सैतानाला आत्मा विकला, ती ही जागा असं सांगितलं जातं. पण १९३० च्या दशकात हे रस्ते गावातून वेगळ्या वाटेनं जात होते. आणि सैतानाची अशी गोष्ट टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल त्याचा भाऊ लेडेल सांगत असे. रॉबर्टचं त्यांच्याशी नातं नव्हतं. त्यानं १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्ससमध्ये २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ साली, २७ व्या वर्षी तो गेला. ती गाणी ऐकली की सैतानाची गरज उरत नाही. चौकाला पाच मिनिटं द्या आणि वाचलेल्या वेळात हॉपसन मळ्यावर जा. १९४४ साली तिथे पेरणीपासून गाठीपर्यंत सगळा कापूस यंत्रानं निघाला. माणूस तासाला वीसेक पौंड वेचायचा, यंत्र हजाराच्या आसपास. मालधक्क्यावरून माणसं का गेली, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं वर्णभेदाच्या कायद्यांत आणि झुंडीच्या हिंसेत आहे.

मेम्फिसहून ६१ नंबरनं दक्षिणेला साधारण दीड तास लागतो. गाडी भाड्यानं घ्याच. क्लार्क्सडेलला प्रवासी रेल्वे येत नाही आणि रात्री परतायला टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका. जुलै-ऑगस्टमधला दमट उकाडा आणि डास सोसत नसतील तर एप्रिल किंवा ऑक्टोबर निवडा. ऑक्टोबरात शेतं पांढरी दिसतात. शाकाहारी असाल तर पालेभाजी आणि घेवड्याबद्दल आधी विचारा, दोन्ही बहुधा डुकराच्या मांसासोबत शिजवतात. डबा बरोबर असलेला चांगला.

आणि शक्यतो मुक्काम करा, कारण गाणं संध्याकाळनंतर सुरू होतं. ग्राउंड झीरो ब्लूज क्लब संग्रहालयाच्या शेजारीच आहे. गावात लहान जागाही आहेत. प्रवेशासाठी आणि वादकांपुढच्या बादलीत टाकण्यासाठी सुट्टे डॉलर ठेवा. वादकाचा डावा हात दिसेल अशी खुर्ची धरा, नळी पट्टीच्या माथ्यावर कशी थांबते ते तिथूनच दिसतं.