आवर्तन ध्यान: वाकणं थोडं, थांबणं जास्त

सोमवार, पहाटे साडेपाच

वैशाखात गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत धगधगत असतो, अंग टेकवण्याजोगा होतो तो पहाटेच. म्हणून खानदेशात उन्हाळ्यात आवर्तन ध्यानाला ही वेळ बरी.

सूर्यनमस्कार सगळ्यांना ठाऊक, विपश्यनेला जाऊन आलेलं कुणी ना कुणी गल्लीत असतंच. जळगाव-धुळ्याकडे आवर्तन ध्यान मात्र तितकं कानावर नाही. बंगळुरूजवळच्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानाने ते बसवलं, पण सूत्र जुनं, अद्वैताचे आचार्य गौडपाद यांच्या मांडूक्यकारिकेतलं (३.४४): ‘लये संबोधयेच्चित्तं विक्षिप्तं शमयेत्पुनः’. मन पेंगलं तर जागवा, भरकटलं तर निववा. पुढच्या ओळीत आणखी दोन गोष्टी येतात: आत दबून बसलेली ओढ ओळखा, आणि मन समेवर आलं की त्याला हात लावू नका. जागवायला हालचाल, निववायला विसावा, असं आलटून पालटून. सगळं डोळे मिटून.

संशोधनासाठी वापरलेल्या साच्याचा हिशेब साडेबावीस मिनिटांचा आहे. श्लोक ४० सेकंद. मग उताणं पडून पायापासून डोक्यापर्यंत सगळं अंग आवळायचं आणि एकदम सोडायचं, १ मिनिट. डाव्या कुशीवरून उठून ताडासनात उभं राहणं आणि दोन्ही तळव्यांवर भार सारखा करणं, २ मिनिटं. उजवीकडे, डावीकडे, पुढे, मागे असं चार वेळा वाकणं, प्रत्येकी १ मिनिट २० सेकंद. दोन वाकण्यांच्या मध्ये १ मिनिट १० सेकंद नुसतं उभं राहणं. शेवटी शवासन, १० मिनिटं.

एका बाजूला वाकायला ८० सेकंद! नवख्याला हे खोटंच वाटतं, कारण शाळेच्या पीटीत तेवढ्यात दहा वेळा वाकून होतं.

मंगळवार

आजची टिपणं फक्त हाताबद्दल. उजवीकडे वाकताना डावा हात वर जातो. मांडीपासून खांद्याच्या रेषेपर्यंत यायलाच दहा-बारा सेकंद लागले पाहिजेत. तिथे तळवा आकाशाकडे फिरवायचा. न फिरवता हात तसाच वर रेटला तर खांदा अडतो आणि मान आखडते. दंड कानाला टेकला की मगच कमरेतून कलायचं. गुडघे सरळ, पण कुलूप लावल्यासारखे घट्ट नकोत.

खरी गंमत परतताना. हात खाली येतो तसं रक्त बोटांच्या टोकांकडे उतरतं आणि टोकं जड, मुंग्या आल्यासारखी होतात. मधल्या ७० सेकंदांत करायचं काही नसतं, ते जडपण विरेपर्यंत पाहत राहायचं. बहुतेक जण नेमकी हीच जागा उरकतात, आणि मग उरतो तो साधा व्यायाम.

सूचना आपल्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड कराव्यात, घरच्या बोलीत, अहिराणीत केल्या तर उत्तमच. फक्त ‘हात उचला’ म्हणू नये, त्याने हात झटक्यात वर जातो. ‘हात वर जातोय’ म्हटलं की गती आपोआप उतरते.

शुक्रवार

चक्कर. वैशाखातली सगळ्यात मोठी अडचण हीच. उकाड्याने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, रात्रभर घाम गेलेला असतो, त्यात निश्चल उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. म्हणून सुरू करण्याआधी अर्धा तास तांब्याभर पाणी प्यावं, कुशीवरून उठल्यावर अर्धा मिनिट बसावं, मगच उभं राहावं. पादहस्तासनातून, म्हणजे पुढे वाकून झाल्यावर, वर येताना डोकं सगळ्यात शेवटी उचलायचं. डोळ्यांपुढे अंधारी आली तर ध्यान गेलं खड्ड्यात, सरळ खाली बसा. रक्तदाबाचा त्रास, काचबिंदू किंवा मणक्याची सरकलेली चकती असेल त्यांनी पुढे वाकू नये. मान धरणाऱ्यांनी मागे वाकताना डोकं लोंबतं सोडू नये. हातांचे तळवे कमरेला, बोटं पुढे, छाती तेवढी उघडायची.

डोळे मिटले की शरीर किंचित डुलतं. ते थांबवायला जाऊ नये. नजरेचा आधार सुटल्यावर कान आणि पायांचे तळवे तोल सांभाळतात, त्याचंच ते डुलणं. मधुमेहाने तळवे बधिर झालेल्यांनी मात्र भिंतीपाशी उभं राहावं. गच्चीला कठडा नसेल तर कुणीच गच्चीवर करू नये, ओसरी काय वाईट आहे?

गोधडीवर उभं राहिलं की पाऊल रुततं आणि तोल जातो. उभं राहायला आणि झोपायला एकच सतरंजी, एकेरी घडीची.

रविवार

शेवटच्या दहा मिनिटांत घोरणं ऐकू येतं, आणि त्यालाच लोक ‘छान लागलं’ म्हणतात. तो लय, म्हणजे मनाचं पेंगणं, श्लोकात पहिलंच सांगितलेलं. ते टाळायला कमरेखालचा भाग सैल झाला की अ-कार म्हणायचा, धड सैल झालं की उ-कार, डोकं सैल झालं की म-कार. आवाजाची थरथर त्या त्या ठिकाणी जाणवते तोवर झोप लागत नाही. रात्री बारापर्यंत लग्नाच्या वरातीत जागलेल्याला काहीच उपयोगी पडत नाही, त्याने झोपावं.

नुसतं शवासन का नको, हे विचारणाऱ्यांसाठी एक आकडा: २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आवर्तन ध्यानानंतर शरीराची प्राणवायूची गरज ३२.१ टक्क्यांनी घटली, तेवढाच वेळ नुसत्या शवासनानंतर १०.१ टक्क्यांनी.

उठताना पुन्हा डावी कूस. सतरंजी लगेच झटकून गुंडाळू नये, मिनिटभर तिच्यावरच बसावं. सहा वाजत आलेले असतात, उन्हं चढली की स्लॅब पाय टेकवू देत नाही.