पंधराव्या मिनिटाला मागे फीर

लग्नाला १९ वर्षं झाली. बायको माझ्यापेक्षा वेगात पळते, हे मला यंदा कळलं.

पळायची टूम माझीच. शाळेत मी रिलेच्या संघात होतो, ही गोष्ट मी तिला लग्नाआधीपासून ऐकवत आलोय. ती मात्र बस पकडायलासुद्धा कधी धावली नव्हती. त्यामुळे मी शिकवणार आणि ती शिकणार, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. तिने मला न विचारता एक वेळापत्रक शोधलं आणि कपाटाच्या दाराला चिकटवलं. ‘काउच टु फाइव्ह के’ नावाचं, म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर पळण्यापर्यंत. जॉश क्लार्क नावाच्या माणसाने १९९६ साली नवशिक्यांसाठी केलेलं. नऊ आठवडे, आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं.

“साठ सेकंद?” मी म्हणालो. “एवढं तर मी झोपेतही पळेन.”

तिसऱ्या साठ सेकंदांत माझ्या उजव्या कुशीत अशी चमक भरली की मी वाकून गुडघे धरले. ती हातात फोन घेऊन माझ्या बाजूने, अक्षरशः दुडक्या चालीने, पुढे गेली. “अगं, ह्याला पळणं म्हणतात का?” असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. तेवढ्यात तिने विचारलं, “गॅस बंद केला होतास ना?” मी हातानेच हो म्हटलं.

“तोंडाने सांग.”

ती मला छळत नव्हती (म्हणजे नंतर छळायला लागली, तेव्हा नव्हती). पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग जास्त आहे असं समजायचं, हे तिने वाचून ठेवलं होतं. नवशिक्याला घड्याळाची, नाडीच्या ठोक्यांची गरज नाही. एवढी एकच चाचणी पुरते. मी त्या चाचणीत सलग सहा वेळा नापास झालो. सातव्यांदा तिच्यासारखाच दुडक्या चालीने निघालो आणि “हो, केला होता गॅस बंद” हे एका दमात म्हणालो.

इथवर गंमत होती. पुढचा गाढवपणा सर्वस्वी माझा. दुसऱ्या आठवड्यात दम जरा सुधारला, तसा मी वेळापत्रकातल्या विश्रांतीच्या दिवशीही गुपचूप पळू लागलो. तिच्या पुढे जायचं होतं, दुसरं काय. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही नडग्या आतल्या बाजूने ठणकायला लागल्या. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायुबंध तयार व्हायला महिने लागतात, आणि पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. हे सगळं मी बर्फाची पिशवी नडगीवर धरून वाचलं. मी जिना आडवा होऊन उतरतोय हे पाहून तिच्या सगळं लक्षात आलं. ती रागावली नाही. “तू बरा हो, मी काही थांबणार नाहीये,” म्हणाली आणि बूट घालून गेली.

दोन आठवडे मी खिडकीत. पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी त्या वेळापत्रकात चालणं गायबच होतं, सलग वीस मिनिटं पळायचं असतं. ती ते करून आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. बुटात पाय पुढे सरकत होता. तेव्हा कुठे मला एक काम मिळालं. बुटाला सगळ्यात वर एक जादाचं भोक असतं, ते शोभेचं नसतं. दोन्ही बाजूंना नाडी त्यातून वळवून छोटा फासा करायचा, दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओवून खाली ओढायची. टाच जागेवर बसते. मी तिच्या पायाशी बसून तिला दोन्ही बूट बांधून दिले. रिलेच्या गोष्टीपेक्षा हे तिला जास्त आवडलं असावं.

मी परत सुरू केलं तेव्हा खरी भांडणं झाली. ती माझ्यासाठी हळू पळायची, म्हणजे अर्धं पाऊल पुढे राहून मिनिटामिनिटाला मागे वळून बघायची. मला त्या बघण्याचा संताप यायचा. “मग मी पुढे जाऊ का?” “जा ना, कुणी धरलंय!” ती गेली की मी आणखी चिडायचो. एकदा तर घरी येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि त्या दिवशी दम अजिबात लागला नव्हता.

तोडगा तिनेच काढला. एका कागदाच्या पाठीवर मला गणित मांडून दाखवलं. एकत्र निघायचं, आपापल्या वेगाने पळायचं आणि पंधराव्या मिनिटाला, जिथे असू तिथून, दोघांनी मागे फिरायचं. तिला किलोमीटरला साडेसात मिनिटं लागतात, म्हणजे ती २ किलोमीटर गेलेली. मला आठ मिनिटं वीस सेकंद, म्हणजे मी १.८. मागे फिरताच ती माझ्या २०० मीटर मागे. वेग तोच ठेवला तर दोघं एकाच क्षणी घरी. मला पटेना. मी पेन घेऊन स्वतः दोनदा आकडेमोड केली. बरोबर होतं.

आता जाताना तिची पाठ लहान होत जाते आणि परतताना मी पुढे असतो. मागे वळून बघायचं नाही, हा माझा नियम. फक्त ह्या पद्धतीत लबाडी लपत नाही. जाताना जोर करून परतताना ढेपाळलो, तर तिची पावलं वेळेआधीच ऐकू येतात. काल तीन मिनिटं बाकी असतानाच ती चपचप कानावर आली. ती शेजारी आली, माझ्या वेगाला चार पावलं जुळवली.

“जाताना जोरात पळालास ना?”

मी हात हलवला.

“तोंडाने सांग,” म्हणाली आणि पुढे गेली.