गज अर्ध्यात अडला

पूर्व युरोपातल्या एका खासगी शस्त्रसंग्रहात १२० मिलिमीटरच्या सोव्हिएत उखळी तोफेची तपासणी होती. नोंदवहीत ‘पीएम-३८, निकामी’ एवढाच शेरा; पीएम-३८ म्हणजे या तोफेचा १९३८ चा नमुना. असल्या शेऱ्यावर आमच्या कामात कोणी विसंबत नाही. नळी रिकामी आहे हे आधी सिद्ध करायचं, गंज-बिंज नंतर. नळीच्या तोंडासमोर कोणी येऊ नये, एका अंगाला उभं राहून लाकडी गज हलक्या हाताने आत सोडावा. नळी साधारण १.८६ मीटर लांब. त्यातून ब्रीचची, म्हणजे नळीचं बूड बंद करणाऱ्या भागाची, जाडी वजा केली की गज कुठवर जायला हवा ते कळतं. आमचा गज त्याच्या बराच अलीकडे, अर्ध्यातच अडला.

काम तिथेच थांबवलं, दालन रिकामं केलं आणि बॉम्बनाशक पथकाला बोलावलं.

अशा वेळी मनात पहिली शंका येते ती मिसफायरची, म्हणजे बॉम्ब न उडता नळीतच राहिल्याची. ही तोफ सोव्हिएत अभियंते बोरिस शावीरिन यांच्या गटाने फ्रेंच ब्रांट तोफेच्या धर्तीवर घडवली. नळी आतून गुळगुळीत, मारा करताना वजन सुमारे २८० किलो, बॉम्ब जवळपास १६ किलोचा, पल्ला पावणेसहा किलोमीटरच्या आसपास. उडवतानाचा उलटा धक्का झेलायला इतर तोफांसारखी रीकॉइल यंत्रणा नाही. तो सारा तळपाटातून, म्हणजे नळीच्या बुडाखालच्या धातूच्या थाळीतून, जमिनीत जातो. बॉम्ब तोंडातून सोडला की स्वतःच्या वजनाने घसरतो, बुडाच्या पिनवर आदळतो, शेपटीतलं काडतूस पेटतं आणि शेपटीभोवती बांधलेला जादा दारूचा चार्ज पेट घेतो. काडतूस दमट असेल, पिन झिजली असेल किंवा नळीत काजळी साचून बॉम्ब मंद घसरला, तर काहीच होत नाही. आणि खरा धोका तिथेच आहे. मिनिटाला दहाच्या पुढे मारा चालू असताना शेजारच्या तोफेचा आवाज आपलाच वाटतो, भरणारा पुढचा बॉम्ब आत सोडतो आणि नळी फुटते. जवळचं क्वचितच कोणी वाचतं.

यावर सोव्हिएतांनी युद्धकाळातच उपाय काढला: नळीच्या तोंडावर बसणारी एक पाती. बॉम्ब आत गेला की ती आडवी येऊन तोंड अडवते, बॉम्ब उडाला की बाजूला सरते. या तोफेच्या सगळ्या सुधारणांत मला हीच सर्वांत मोलाची वाटते. पल्ल्याचे आकडे मात्र सगळे पाठ करतात. आमच्या तोफेवर ती पाती नव्हती.

जर्मनांना हे हत्यार इतकं पटलं, की हाती लागलेल्या तोफा त्यांनी ‘ग्रानाटवेर्फर ३७८’ या नावाने वापरल्याच, शिवाय ‘ग्रानाटवेर्फर ४२’ ही नक्कलही बनवली. त्यामुळे संग्रहांत दोन्हींची सरमिसळ होते. १९४३ च्या सुधारित सोव्हिएत नमुन्यात बायपॉडवरचे (नळीच्या दोन पायांच्या टेकूवरचे) स्प्रिंगचे धक्काशोषक लांब केले होते. आमच्याकडचे आखूड निघाले, म्हणजे ती १९४३ ची तोफ नव्हती; नोंदवहीतल्या ‘पीएम-३८’शी एवढं तरी जुळत होतं.

पथकाने क्ष-किरण घेतले. आत सरावाचा पोकळ बॉम्ब होता, अंगाला भोकं पाडलेला, शेपटीत काडतूस नाही. बॉम्बच्या रुंद पट्ट्यात आणि नळीत फट जेमतेमच असते. जुनं ग्रीस वाळून घट्ट झाल्याने तो खाली बसलाच नव्हता. जिवंत बॉम्ब असता तर हात लावायचा प्रश्नच नव्हता. रॉकेलाने ग्रीस भिजवलं, बायपॉडची पकड सैल केली, ब्रीचचं गोल टोक तळपाटाच्या खोबणीतून सोडवलं आणि नळीचं बूड सावकाश वर उचललं. बॉम्ब तोंडाशी आला तेव्हा दोन हातांनी धडाला धरून काढला. लढाईतही क्रम हाच, फक्त आधी थांबायचं असतं, कारण काडतूस उशिराही पेटू शकतं. आणि टोकाच्या फ्यूजला, म्हणजे बॉम्ब फोडणाऱ्या यंत्रणेला, बोट लागू द्यायचं नाही.

तळपाट गोल आहे. दिशा बदलायची तर तो न उपसता नळी नि बायपॉड फिरवले की झालं, म्हणून तो तसा. उलटा केल्यावर खालच्या एका बरगडीच्या वेल्डिंगला तडा दिसला, आणि त्याच बाजूला पत्रा आत दबला होता. गोठलेल्या किंवा खडकाळ जमिनीवर पाट एकसारखा टेकत नाही, भार एकाच कडेवर येतो. तिथेच तो फाटतो. हा तडा वेल्डिंग करून बुजवायचा नाही, जसाच्या तसा ठेवायचा, असं ठरलं.