पंजा आणि गोळा

फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला, आणि नेमक्या समोर खुर्च्या! महोगनीच्या, अडीचशे वर्षांच्या. अर्थात बसायचं नाही. लेक पुढच्या दालनात गेलेली. मग उभ्याउभ्या खुर्चीचे पायच न्याहाळत बसले (बसले कसली!). पक्ष्याच्या पंजानं गोळा घट्ट धरलाय, नखंसुद्धा कोरलेली.

अशा खुर्च्यांना 'चिपेंडेल' म्हणतात. लंडनच्या थॉमस चिपेंडेलनं १७५४ मध्ये फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तक काढलं, चित्रांची १६० पानं. त्यातल्या खुर्च्यांची गंमत म्हणजे डावा पाय एका तऱ्हेचा, उजवा दुसऱ्या. एका चित्रात दोन नमुने, गिऱ्हाइकानं निवडावा. पुस्तक समुद्र ओलांडून इथं आलं. फ्रँकलिननं काढलेल्या वाचनालयात होतं. थॉमस अ‍ॅफ्लेक हा इथला नावाजलेला कारागीर १७९५ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या चीजवस्तूंच्या यादीतही ते निघालं.

आमच्या आळीतल्या शिंप्याकडे असंच एक पुस्तक होतं. पानं तेलकट, कोपरे दुमडलेले. आई एका बाईच्या पाठीवर बोट ठेवून म्हणायची, "हा गळा." तो म्हणायचा, "अगदी हाच, वहिनी." आणि शिवायचा तो त्याच्या हाताला बसलेला. आईच्या ट्रंकेत रंग बारा, गळा एक. ती चिडायची, आणि पुढच्या दिवाळीला कापड घेऊन पुन्हा त्याच्याच दारात.

तर हा पंजा. चिपेंडेलच्या पुस्तकात तो नाहीच! लंडनमध्ये तोवर त्याची फॅशन ओसरली होती. फिलाडेल्फियाच्या लोकांना मात्र आवडायचा, सुतारांचे हातही त्यावर बसलेले. पाठ पुस्तकातली, पाय आपले, आणि नाव लंडनवाल्याचं. १७७५ मध्ये इथल्याच जॉन फॉलवेलनं तसलं पुस्तक काढायचं जाहीर केलं होतं. पण स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि ते राहूनच गेलं. आमच्या शिंप्यानंही कधी स्वतःचं पुस्तक काढलं नाही. काढलं असतं तर एका पानात आटोपलं असतं म्हणा.

शेवटी खाली कॅफेत एक खुर्ची मिळाली. लोखंडी, चारही पाय सारखे. बसले.