जर्मनीचा काटा आणि तुर्भ्यातला एक किलो

रबाळे एमआयडीसीत एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे मापं-वजनं बरोबर आहेत का ते तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या लॅबमध्ये, मी मास सेक्शन बघते. म्हणजे दिवसभर वजनं. ग्लोव्ह्ज घालून चिमट्याने उचलायची, आधी आमचं, मग पार्टीचं (गिऱ्हाइकाचं), परत पार्टीचं, परत आमचं, अशा फेऱ्या मारायच्या आणि रीडिंग लिहायची. बाहेरून आलेलं वजन एसीत तासन् तास ठेवून थंड झाल्याशिवाय हात लावत नाही, कारण नुसतं कोमट असलं तरी आकडा हलतो.

मागच्या जूनमधली गोष्ट. सकाळी पावणेदहाला तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीतल्या क्वालिटीच्या सरांचा फोन. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज चढलेला. "मॅडम, तुम्ही तपासून दिलेलं आमचं एक किलोचं वजन जवळपास पावणेतीन ग्रॅम कमी भरतंय. सर्टिफिकेट कसलं देता तुम्ही?"

माझ्या पोटात गोळाच आला. ते वजन एफ-वन क्लासचं, म्हणजे बऱ्याच वरच्या अचूकतेचं, एक किलोला फार तर ५ मिलिग्रॅम इकडेतिकडे चालतं, आणि हे म्हणतायत साधारण २७०० मिलिग्रॅम. दीड महिन्यापूर्वी ते माझ्याच हाताखालून गेलेलं, खाली सही माझी. आमच्या लॅबच्या सरांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, आपला दुसरा एफ-वनचा सेट घे आणि जा, तिथे कोणाशी वाद घालू नकोस, फक्त रीडिंग घे.

ठाणे-बेलापूर रोडवर पाऊस, ट्रॅफिक, मांडीवर वजनांची लाकडी पेटी. पोचले तेव्हा साडेअकरा.

काटा नवा कोरा, थेट जर्मनीहून आलेला, सहा किलोचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. बरोबर तिकडच्या मान्यताप्राप्त लॅबचं सर्टिफिकेट, एकदम चोख. बसवून द्यायला सर्व्हिस इंजिनियर पुढच्या आठवड्यात येणार होता पण प्रॉडक्शनची घाई म्हणून यांनी आधीच सुरू केला होता. आणि दोन दिवसांत गोंधळ इतका वाढला होता की भिवंडीचा एक सप्लायर पाच-पाच किलोचे पॅक पाठवतो, ते सगळे साडेतेरा ग्रॅम कमी भरले म्हणून त्याला पत्रही गेलं होतं. महागडा माल, वर्षानुवर्षांचा सप्लायर.

मी त्यांचं वजन ठेवलं. ९९७.३. मग आमचं दुसरं एक किलो. तेही ९९७.३. ५०० ग्रॅम ठेवलं तर ४९८.६५, २०० ठेवलं तर १९९.४६. झिरो बरोबर, रिकामा काटा हलत नव्हता, पण जितकं वजन जास्त तितकी तूट जास्त, सगळीकडे तेच प्रमाण.

आता विचार करा, प्रत्येक वजन त्याहून अचूक वजनाशी ताडलेलं असतं, अशी वरपर्यंत साखळी असते. जर्मनीची साखळी त्यांच्या राष्ट्रीय संस्थेपर्यंत म्हणजे पीटीबीपर्यंत जाते, आमची आपल्या राष्ट्रीय संस्थेपर्यंत म्हणजे दिल्लीच्या एनपीएलपर्यंत, आणि १९९९ च्या करारापासून या संस्था एकमेकींची मापं मान्य करतात. मला त्यांच्या कागदावर शंका घ्यायला जागा नव्हती आणि स्वतःच्या कागदावरही नव्हती. दोन्ही खरे असतील तर मधे तिसरं काहीतरी आहे, हे मला तिथे उभ्या उभ्याच पटलं.

काट्यावरचा ऑपरेटर, वयाने मोठे काका, इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पण मॅडम, मग खरा किलो असतो तरी कुठे?" इतका छान प्रश्न मला कोणी आजवर विचारला नव्हता, म्हणून मी कामाचं बाजूला ठेवून सांगितलं. २० मे १८७५ ला पॅरिसमध्ये १७ देशांनी मीटर करारावर सह्या केल्या, पुढे पॅरिसजवळ सेव्हरला प्लॅटिनम-इरिडियमचा एक सिलिंडर ठेवला, तोच जगाचा किलो, तीन काचेच्या घंटांखाली, तिजोरीला तीन किल्ल्या तीन माणसांकडे. त्याच्या प्रती देशोदेशी गेल्या, आपली ५७ नंबरची, दिल्लीत. शंभरेक वर्षांत सिलिंडर आणि त्याच्या प्रती यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडला आणि बदललं कोण हे सांगताच येईना, कारण व्याख्येनेच तो सिलिंडर म्हणजे किलो. म्हणून नोव्हेंबर २०१८ ला व्हर्सायला देशांनी मतदान केलं आणि २० मे २०१९ पासून किलो प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर गेला, आता तो कुठल्या वस्तूत नाही. काका म्हणाले, आमच्याकडे गावागणिक शेर वेगळा असायचा, बाजार बदलला की हिशोब परत.

तेवढ्यात आमच्या लॅबच्या सरांना फोन लावला, रीडिंग वाचून दाखवली. ते लगेच म्हणाले, "अगं, काटा किलो मोजतच नाही, वजन खाली किती दाबतं ते मोजतो. सर्टिफिकेटवर गाव कुठलं आहे बघ." बघितलं, उत्तर जर्मनी. तिकडे गुरुत्वाकर्षण ९.८१३ च्या आसपास, मुंबईकडे ९.७८६, कारण आपण विषुववृत्ताला जवळ. मोबाइलवर भागाकार केला. ०.९९७२५, म्हणजे किलोमागे पावणेतीन ग्रॅम कमी, काट्यावरच्या तुटीएवढंच जवळपास. काट्याला किलो बरोबर माहीत होता पण तिकडच्या जमिनीवरचा, इथे आल्यावर त्याला परत शिकवायचं राहिलं होतं.

क्वालिटीच्या सरांची लेखी परवानगी घेतली, आधीची रीडिंग 'ॲज फाउंड' म्हणजे काटा जसा सापडला तशी नोंदवून ठेवली, काटा अर्धा तास गरम होऊ दिला आणि त्यांच्याच वजनाने, ज्याला सकाळी नावं ठेवत होते, ॲडजस्टमेंट केली. मग परत ठेवलं. १०००.००. पाचशे बरोबर, दोनशे बरोबर.

काकांनी न सांगता भिवंडीचा एक पॅक उचलून आणला, सकाळी ४९८६.५ भरलेला, डबा टेअर करून, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन वजा करून, ठेवला. ५०००.०४.

क्वालिटीचे सर थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले, मग दोन दिवसांच्या बॅचेस होल्डवर टाकायला सांगितल्या, कारण काटा कमी दाखवत असल्याने त्यात प्रत्येक किलोमागे जवळपास पावणेतीन ग्रॅम जास्त माल पडला होता. आणि तिथेच, काट्यासमोर उभं राहून, भिवंडीला फोन लावला.